पोटातली आग, अंगातला गारठा

भुकेला आपण आग म्हणतो. पोटात आग पडते, भुकेचा डोंब उसळतो, जठराग्नी भडकतो. आमच्या घरी दखनी बोलतात, तिथंही पेटात आगच लागते. ही आग आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे की तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. पण दोन-चार दिवस अर्धपोटी राहिलेल्या माणसाचा हात हातात घेऊन बघा. तो गार लागतो. उपाशी माणूस तापत नाही, काकडतो. भाषा एक सांगते आणि अंग दुसरंच सांगतं. या विसंगतीकडे माझं लक्ष गेलं ते कवी म्हणून नाही, पेशंट म्हणून.

तीन वर्षांपूर्वी मी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात, ती. वजन होतं १२४ किलो, मधुमेह होता, गुडघे बोलत होते. दीड वर्षात ८२ किलोवर आलो. साखर आटोक्यात आली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. पण एक पाहुणा न बोलावता घरात शिरला, तो म्हणजे गारठा. सोलापूरच्या एप्रिलमध्ये लोक गच्चीवर अंथरुणं टाकतात, तेव्हा मी आत पंखा बंद करून चादर ओढून पडलेला. मराठी कवीला आयुष्यात पैसा मिळत नाही, शाल आणि श्रीफळ मिळतं. नारळ त्या त्या वेळी संपले, शाली कपाटात साठल्या होत्या. त्या आता उपयोगी पडल्या.

शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णालयात मला पुष्कळ गोष्टी समजावून सांगितल्या. प्रथिनं किती घ्यायची, घोट किती लहान घ्यायचा, गोळ्या कुठल्या. थंडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. नंतर विचारलं तेव्हा, ‘होतं असं’ एवढंच उत्तर मिळालं. घरात आणि गल्लीत मात्र उत्तरांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं रक्त आटलं. एक स्नेही म्हणाले, मनाचे खेळ आहेत, कवी माणूस आहात तुम्ही. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाचा हात शाळेतच सुटला. पण ‘होतं असं’ यावर माझं समाधान होईना. का होतं, आणि ते माणसाला पहिल्यांदा कधी कळलं, हे शोधत मी ग्रंथालयात बसलो. त्यातून जो इतिहास हाती लागला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

अन्न आणि ऊब यांचं नातं आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हतं असं नाही. वैद्य अग्नी म्हणत, हकीम हरारत म्हणत. युनानी वैद्यकात ‘हरारत-ए-गरीजी’ म्हणून एक कल्पना आहे. माणूस जन्माला येतो तो आतली ऊब घेऊनच, असा तिचा अर्थ. ग्रीक वैद्य गॅलेनपासून ती चालत आली आणि अकराव्या शतकात इब्न सीनाने आपल्या ‘कानून’ या ग्रंथात ती मांडली. दिवा जसा तेलावर जळतो, तशी ही ऊब देहातल्या मूळच्या ओलाव्यावर जळते. तेल सरत आलं की ज्योत लहान होते. प्रतिमा म्हणून ही इतकी नेमकी आहे की कुणाही कवीला हेवा वाटावा. पण ज्योत किती लहान होते, हे मोजण्याचं साधन त्या काळी कुणाकडेच नव्हतं.

ते मोजलं गेलं पॅरिसमध्ये, एका गिनीपिगवर. १७८२-८३ च्या हिवाळ्यात आंत्वान लाव्हाझिये आणि पिएर-सिमॉन लाप्लास या दोघांनी एक भांडं तयार केलं. आतल्या जाळीत प्राणी ठेवायचा आणि त्याच्या भोवती बर्फ भरायचा. प्राण्याच्या अंगातून जेवढी ऊब बाहेर पडेल तेवढा बर्फ वितळेल, आणि वितळलेलं पाणी तोलून पाहिलं की ऊब मोजली जाईल. गिनीपिगने दहा तासांत १३ औंस, म्हणजे आजच्या हिशेबात सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळवला. तेवढ्या वेळात श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूचा हिशेब त्यांनी त्याच्याशी ताडून पाहिला आणि निष्कर्ष काढला की श्वास घेणं म्हणजे संथपणे जळणं. मेणबत्ती जळते आणि आपण जगतो, या दोन्ही क्रिया मुळात एकच.

पुढे १७९०च्या सुमारास लाव्हाझियेने आर्मां सेगँ या आपल्या सहकाऱ्यालाच तोंडाला मुखवटा लावून बसवलं. उपाशीपोटी, जेवणानंतर, गारव्यात आणि काम करताना तो किती प्राणवायू घेतो ते मोजलं. जेवल्यावर आकडा वाढला, गारव्यात वाढला, श्रमात तर फारच वाढला. या प्रयोगाचं चित्र लाव्हाझियेच्या पत्नीने, मारी-आन हिने काढलं आहे आणि त्यात टेबलापाशी नोंदी घेत बसलेली ती स्वतःही दिसते. मला विशेष वाटलं ते याचं की या आकड्यांवरून लाव्हाझिये थेट गरिबाच्या ताटाकडे वळला. अंगमेहनत करणाऱ्याचं शरीर जास्त जळतं, म्हणजे त्याला अन्न जास्त लागतं, आणि नेमकं त्याच्याच ताटात कमी पडतं, हा अन्याय त्याने शास्त्रीय निबंधात नोंदवला. त्याच्या जुन्या करवसुलीच्या धंद्यापायी ८ मे १७९४ रोजी त्याला गिलोटिनखाली जावं लागलं. पण देह ही चूल आहे आणि अन्न हे तिचं सरपण, हे तोवर नक्की झालं होतं.

मग सरपण कमी पडलं तर काय होतं? पुढचा धडा विसाव्या शतकाने दिला आणि तो शिकवणाऱ्यांनी आपल्या प्राणांनी त्याची किंमत मोजली.

नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी वॉर्सा शहरातल्या ज्यूंच्या वस्तीभोवती भिंत बांधून ती बंद केली. चार लाखांहून अधिक माणसं आत कोंडली गेली. बाहेरून येणारं अन्न इतकं अपुरं होतं की उपासमार हाच तिथला मुख्य रोग झाला. वस्तीतले ज्यू डॉक्टर स्वतःही अर्धपोटी होते. औषध नाही, अन्न नाही, रोग्याला वाचवता येत नाही. अशा स्थितीत डॉ. इझ्राएल मिलेयकोव्स्की यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनी ठरवलं की वाचवता येत नाही तर निदान नोंदवू. उपकरणं चोरून आत आणली. दिवसाला ८०० उष्मांकांच्या आसपास अन्नावर राहिलेल्या माणसाचं रक्त, हृदय, डोळे, त्वचा यांचं काय होतं ते शिस्तीने लिहून काढलं. त्या नोंदींत एक तक्रार सतत येते. रोग्यांना एकसारखी थंडी वाजते. ते अंगाचं मुटकुळं करून पांघरुणात पडून राहतात. शरीराचं तापमान उतरलेलं असतं, नाडी मंद असते.

२२ जुलै १९४२ रोजी ट्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे रवानगी सुरू झाली आणि काम थांबलं. ते हस्तलिखित गुपचूप भिंतीबाहेर एका पोलिश प्राध्यापकाकडे पोहोचवलं गेलं. १९४६ मध्ये ते पुस्तकरूपाने छापून आलं तेव्हा ते लिहिणारे बहुतेक डॉक्टर या जगात नव्हते.

जवळजवळ त्याच काळात अमेरिकेत याच प्रश्नाची दुसरी बाजू तपासली जात होती. युद्ध संपल्यावर युरोपातल्या कोट्यवधी उपाशी माणसांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. धर्मश्रद्धेमुळे किंवा तत्त्वासाठी शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण होते. बंदूक धरणार नाही, पण लोकांच्या कामी येईन, म्हणून ते स्वखुशीने उपाशी राहायला आले. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत प्रयोग चालला. १२ फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १५७० उष्मांक दिले गेले. बटाटे, सलगमसारखी कंदमुळं, पाव, मॅकरोनी. आठवड्याला २२ मैल चालण्याची सक्ती. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं.

आणि त्यांना थंडी वाजू लागली. जुलैच्या उन्हाळ्यात ही पोरं अंगात जादा कपडे घालून फिरत आणि रात्री पांघरुणं घेऊन झोपत. जेवण आणखी गरम द्या, चहा-कॉफी आणखी कढत द्या, अशी त्यांची मागणी असे. कीज यांनी मोजलं तेव्हा, स्वस्थ पडून असताना शरीर जेवढे उष्मांक खर्च करतं, त्यात सुमारे ४० टक्के घट झालेली आढळली. वजन एक चतुर्थांशाने कमी झालं आणि खर्च त्याहून पुष्कळ जास्त घटला, हे इथं महत्त्वाचं. शरीराने नुसतं घर लहान केलं नव्हतं, उरलेल्या घरातले दिवेही मंद केले होते. १९५० मध्ये हा सगळा अभ्यास दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाला. आजही उपासमारीवर काम करणाऱ्याला त्या खंडांशी जावंच लागतं.

आता या इतिहासातलं मला सर्वांत चकित करणारं वळण येतं. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा उगमही त्याच मिनेसोटा विद्यापीठात आहे. १९५४ मध्ये तिथले शल्यचिकित्सक अर्नोल्ड क्रेमेन, जॉन लिनर आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला आडवाटेने नेण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. त्या पद्धतीत यकृत बिघडणं, मूतखडे होणं असे उपद्रव फार झाले आणि ती पुढे सोडून द्यावी लागली. मिनेसोटातच शिकलेले एडवर्ड मेसन आयोवा विद्यापीठात गेले. जठरातल्या व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रोग्यांचं वजन उतरतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९६६ मध्ये त्यांनी जठर वळसा शस्त्रक्रिया, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास, केली. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणं नव्वदच्या दशकात रुळलं. माझ्यावर झाली ती ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया आधी मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून केली जाई. तेवढ्यानंच पुरेसं वजन उतरतं असं दिसल्यावर २००० नंतर ती स्वतंत्रपणे होऊ लागली.

म्हणजे एकाच विद्यापीठात, दहा वर्षांच्या आत, एका इमारतीत अन्न कमी पडल्यावर माणसाचं काय होतं याचा हिशेब झाला आणि दुसऱ्या खोलीत माणसाला अन्न कमी पोहोचावं म्हणून आतड्याची वाट बदलली गेली. हे दोन्ही हिशेब एकत्र ठेवून पाहिले की माझ्या शालींचं कारण कळतं.

हे लिहिताना मला एक जपायचं आहे. वॉर्साच्या भिंतीआड मेलेला माणूस आणि स्वतःच्या इच्छेने, भूल घेऊन, पैसे भरून शस्त्रक्रिया करून घेतलेला मी, आम्हाला एका पंगतीत बसवणं हे पाप होईल. त्यांच्यावर उपास लादला गेला, मी तो आजारावरचा उपाय म्हणून पत्करला. ते त्यात मेले, मी त्यामुळे बरा झालो. पण शरीराला कारण कळत नाही, तूट कळते. अन्न कमी येऊ लागलं एवढंच त्याला समजतं. दुष्काळ पडला की डॉक्टरांनी सांगितलं, हे ते विचारत नाही. हजारो पिढ्यांचे दुष्काळ सोसून घडलेलं हे शरीर एकच उपाय जाणतं, काटकसर. आणि ऊब हा त्याच्या खर्चातला मोठा आकडा असतो.

ही काटकसर कशी चालते, हे नंतरच्या संशोधनाने उलगडलं. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वजन दहा टक्के उतरलं तरी शरीर आपला खर्च अपेक्षेपेक्षा जास्त कापतं. माणूस मुळात लठ्ठ असो वा सडपातळ, दोघांत हेच होतं. त्याच विद्यापीठात १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन नावाच्या संप्रेरकाचं जनुक शोधलं होतं. चरबीच्या पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि कोठारात किती शिल्लक आहे ते मेंदूला कळवतात. ज्या जातीच्या उंदरांवर हा शोध लागला ते लठ्ठ उंदीर १९४९ मध्येच एका अमेरिकी प्रयोगशाळेत आढळले होते. त्यांच्यात लेप्टिन नव्हतंच. अंगावर चरबीचा डोंगर असूनही मेंदूला निरोप जात नसल्याने त्यांचं शरीर उपाशी असल्यासारखं वागे, आणि त्यांना गारठा मुळीच सोसत नसे. वजन झपाट्याने उतरलं की माणसाचंही लेप्टिन घटतं. थायरॉईडचं कामकरी संप्रेरक, टी-३, तेही कमी होतं. चुलीतली लाकडं कुणी तरी मागे ओढावीत तसं हे असतं.

याखेरीज दोन साधी कारणं आहेत. त्वचेखालची चरबी ही अंगावरची गोधडी असते. १९५५ मध्ये ब्रिटिश संशोधक ग्रिफिथ प्यू आणि ओटो एडहोम यांनी इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांचा अभ्यास केला. जेसन झिरगानोस हा स्थूल ग्रीक जलतरणपटू आणि स्वतः किडकिडीत प्यू, दोघंही गार पाण्यात बसले. ज्या पाण्यात झिरगानोस निवांत होता, त्यात प्यूंच्या अंगाचं तापमान उतरत गेलं. मी माझी ४२ किलोंची गोधडी काढून ठेवली आहे. दुसरं कारण ताटात आहे. अन्न पचवतानाही ऊब निर्माण होते. खाल्लेल्या उष्मांकांपैकी साधारण दहा टक्के त्यातच खर्च होतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत माणूस दिवसाला हजार उष्मांकही घेत नाही. शेगडीवर आधण ठेवायला पाणीच नाही, तर वाफ कुठून येणार?

पण सगळी थंडी काटकसरीच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागाला टाळून जातं आणि लोह प्रामुख्याने तिथंच शोषलं जातं. बी-१२ जीवनसत्त्व शोषायला जठरातून पाझरणारं एक द्रव्य लागतं, जठर लहान झालं की तेही घटतं. त्यामुळे रक्त कमी होतं, आणि रक्त कमी असलेल्या माणसाला थंडी वाजतेच. थायरॉईड मुळातच मंद असलेल्याचीही तीच गत. म्हणून हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि थायरॉईड यांची तपासणी ठरल्या वेळी करायलाच हवी. माझ्या तपासणीत लोह कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्यावर थोडी हुडहुडी गेली, थोडी राहिली. जी राहिली ती काटकसरीची. वजन स्थिरावलं की अनेकांची ती कमी होते, काहींची रेंगाळते. रमजानचे रोजे, नवरात्राचे कडक उपास अशा वेळी तर शस्त्रक्रिया झालेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. श्रद्धेला त्यात कमीपणा नाही. आजाऱ्याला सवलत देणारा धर्म आपल्याहून शहाणा असतो.

आज आपल्या शहरांत अशा शस्त्रक्रिया झालेली माणसं वाढत आहेत. भूक कमी करणारी इंजेक्शनं घेऊन झपाट्याने वजन उतरवणारेही आता आहेत. यांच्यापैकी कुणी भर उन्हाळ्यात पंखा कमी करायला सांगितलं, स्वेटर मागितला, तर घरातली माणसं हसतात. बाईमाणूस असेल तर नखरे ठरतात, म्हातारं असेल तर हट्ट ठरतो. ‘एवढे पैसे घालून बारीक झालात, आता हे काय नवीन?’ असं विचारतात. त्यांना हा इतिहास सांगावा. ही थंडी मनाचा खेळ नाही. ती मोजली गेली आहे. बर्फाच्या भांड्यात मोजली गेली, स्टेडियमखालच्या खोल्यांत मोजली गेली, आणि स्वतः उपाशी असलेल्या डॉक्टरांनी मरणाच्या दारात बसून तिची नोंद ठेवली.

माझ्यापुरतं सांगायचं तर या गारठ्याने मला एक ओळख करून दिली. थंडीच्या दिवसांत स्टेशनबाहेर, देवळाच्या किंवा दर्ग्याच्या पायरीवर माणसं मुटकुळं करून पडलेली असतात. आपण म्हणतो, बिचाऱ्याला पांघरूण नाही, आणि घोंगडी देऊन येतो. चांगलं करतो. पण त्याच्या थंडीतली अर्धी थंडी भुकेची असते, हे आता मला अंगावरून कळतं. पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली ऊब धरून ठेवतं. ऊब तयार होते ती अन्नापासून. म्हणून यंदाच्या हिवाळ्यात कुणाला चादर द्यायला जाल, तर तिच्यासोबत गरम भाकरी आणि वाटीभर कालवणही घेऊन जा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)